पत्रकातली सातवी ओळ

गोळी मी वेंगुर्ल्यात घेत नाही.
इथला मेडिकलवाला आठवीपर्यंत माझ्या वर्गात होता
आणि गल्ल्यावर त्याची आई बसते.
महिन्यातून एकदा कुडाळला जाते.
घरी सांगते, ब्लाउजपीस.

भीती आधी आली होती, हे खरं.
काजूच्या फॅक्टरीत, ग्रेडिंगच्या टेबलावर,
दोनशेचाळीसचे गर तीनशेवीसमधून निवडताना
छातीत कुणीतरी पत्र्याचा डबा बडवू लागलं.
ईसीजी चांगला निघाला.
"तुका काय एक झाला नाय," सगळे म्हणाले,
आणि मी रोज दुपारी तीन वाजता मरत राहिले.

गोळीने ते थांबलं. कृतघ्न नाही मी.
तिसऱ्या आठवड्यात मठच्या अलीकडे एसटी बंद पडली
तर खिडकीतून मी नुसते कावळे मोजले.

पण

उल्हास बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
हात लिंबाने घासले तरी मानेला डिझेलचा वास राहतो,
आणि त्या वासाला माझं अंग सतरा वर्षं
मला न विचारता ओ द्यायचं.
आता तो जवळ सरकला की मला आठवतं,
दूध विरजायचं राहिलंय.

ओहोटी म्हणू नका याला.
ओहोटी माझा सासरा डोळे मिटून सांगतो,
तिथी विचारतो आणि वेळ सांगतो.
याला तिथी नाही.

शिंक येता येता जाते ना, तसं.
तोंड वर करून, डोळे मिटून,
त्या जराशा आधीच्या जागी मी थांबलेली,
आणि वर पंखा फिरतोय.

बी फोडायच्या खात्यातल्या बायकांची बोटं
काजूच्या तेलाने भाजून भाजून अशी होतात
की चहाचा उकळता पेला त्या सहज धरतात.
दुखत नाही, म्हणतात.
कळतच नाही, असं म्हणत नाहीत.

खोक्यातलं पत्रक मुलीची डिक्शनरी घेऊन लावलं.
मुंगीएवढी अक्षरं. घाम, जांभया, हात थरथरणे.
सातव्या ओळीत, बद्धकोष्ठता आणि बेचव तोंड यांच्या मध्ये,
मी.

मग स्वतःच बंद केली. नऊ दिवस.
मान वळवली की डोक्यात वायर तुटल्यासारखा झटका.
दहाव्या दिवशी, तीन वाजता, तोच डबा.
संध्याकाळी पुन्हा गिळली, पाण्याशिवाय.

उल्हास काही बोलला नाही.
स्वतःसाठी नवा शर्ट आणला.
एका रविवारी न्हाणीत आरशासमोर उभं राहून
मिशीला काळं लावलं.
गोळीवर मला सहसा रडू येत नाही.
त्या दिवशी आलं.

"तुझा काय एक चुकूक नाय. ह्या गोळयेचा आसा."
बॅटरीच्या उजेडात त्याने ती ओळ पाहिली,
इंजिनाचं पुस्तक पाहतो तशी, बोट ठेवून.
"ह्या हयसर छापलेला आसा,
मगे तोंडान सांगूक काय झाला हुता तेंका?"

आपल्याकडे त्याला एक तर संस्कृत शब्द आहे
नाही तर शिवी.
कुडाळला डॉक्टरबाईंसमोर मी म्हणाले, "ते."
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"ते म्हणजे तेच ना? बरं झालं बोललात.
पुरुष येतात विचारायला.
बायका झोपेचं सांगून उठतात."
गोळी बदलू म्हणाल्या, जुनी हळूहळू उतरवत.
मनाने बंद करायची नाही पुन्हा.
खात्री देत नाही, असंही म्हणाल्या,
आणि त्यामुळेच मला त्यांचा विश्वास वाटला.

येताना खरंच एक ब्लाउजपीस घेतला. मोरपंखी.

आज पाचवा आठवडा.
दुपारी तीनला डबा वाजला, पण लांब,
पलीकडच्या आळीत वाजावा तसा.
रात्री उल्हास कुशीवर वळला, झोपेतच,
आणि मला त्याच्या मानेचा वास आला.

आला, एवढंच.
त्याला अजून सांगितलेलं नाही.